स्पर्श ते मोक्ष: चंद्रग्रहणाचे फोटो पहिल्यांदा काढताना

आमच्या घरी ग्रहणाच्या दिवशी पंचांग दोनदा उघडलं जायचं. एकदा आजीसाठी: वेध कधी लागतात, दुधा-लोणच्यावर तुळशीपत्र कधी ठेवायचं. आणि मी कॅमेरा घेतल्यापासून दुसऱ्यांदा माझ्यासाठी. आजीला सुरुवात आणि शेवट हवा असायचा, मला मधलं सगळं. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. फोटो काढणाऱ्याला रात्रीचा कार्यक्रम याहून नेटका कुणी लिहून देणार नाही.

पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या कडेला टेकते तो स्पर्श. चंद्र पुरता सावलीत बुडतो ते संमीलन, इथून खग्रास. सावलीत सगळ्यात आत असतो तेव्हा मध्य. पहिली उजळ कड बाहेर डोकावते ते उन्मीलन, आणि सावली पूर्ण सुटते तो मोक्ष. या प्रत्येक टप्प्याला कॅमेऱ्याचं सेटिंग वेगळं लागतं. पौर्णिमेचा चंद्र आणि खग्रासातला चंद्र यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक असतो. नवखा माणूस एकच सेटिंग लावून तीन तास बसतो, आणि घरी येऊन बघतो तर अर्धे फोटो पांढरे ठिपके, उरलेले काळे चौकोन. हे एवढं टाळलंत तरी तुमचं ग्रहण बऱ्यापैकी पार पडेल.

आधी एक शंका मिटवून टाकू. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी, दुर्बिणीतून, लेन्समधून कसंही बघा, डोळ्यांना काही होत नाही. फिल्टर लागतो तो सूर्यग्रहणाला.

कुठलं ग्रहण धरायचं

३ मार्च २०२६ चं ग्रहण मुंबई-पुण्यात चंद्र उगवेपर्यंत संपल्यात जमा होतं. २०२७ मधली सगळी चंद्रग्रहणं छायाकल्प आहेत, म्हणजे चंद्र फक्त विरळ सावलीतून जातो. फोटोत त्याचा फरक इतका थोडा दिसतो की दाखवल्यावर लोक विचारतात, "यात ग्रहण कुठंय?" ६ जुलै २०२८ च्या रात्री खंडग्रास आहे, मध्य बाराच्या थोडा आधी. पण जुलै म्हणजे आपल्याकडे ढगांचाच कारभार.

खरी रात्र आहे ३१ डिसेंबर २०२८. स्पर्श साधारण ८.३७ ला, संमीलन ९.४६, मध्य १०.२२, उन्मीलन १०.५८ आणि मोक्ष बारा वाजून सहा मिनिटांनी. एक-दोन मिनिटांचा फरक धरा, त्या वर्षीचं पंचांग आलं की ताडून घ्या. थंडीचं आकाश, सत्तर मिनिटांच्या वरचं खग्रास आणि मोक्षाला गावभर फटाके. फटाक्यांच्या धुराचा विचार आत्ताच करून ठेवा, शहराबाहेर जाणार असाल तर जागाही आत्ताच हेरा. त्या रात्री ऐनवेळी कुठे खोली मिळत नाही.

तोवर दर पौर्णिमेला सराव करता येतो. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना ट्रायपॉड लावून बसलात तर कुणी हसणार नाही.

काय सामान लागतं

फोटोत चंद्र डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा फार लहान पडतो. साधा हिशेब: लेन्सच्या फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याला, ११० ने भागलं की सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा पडेल ते कळतं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सवर तो अर्धा मिलिमीटर, ३०० मिमी लेन्सवर पावणेतीन. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, ज्याला एपीएस-सी म्हणतात, चौकटीची उंची साधारण १५ मिमी असते. म्हणजे ३०० मिमी लावूनही चंद्र उंचीच्या पाचव्या भागापेक्षा कमीच. त्यात वाईट काही नाही, नंतर कापून घेता येतो. लेन्स एका रात्रीपुरती भाड्याने मिळते, त्यासाठी विकत घेण्याची घाई करू नका.

ट्रायपॉडला पर्याय नाही. तो हलका असेल तर मधल्या खांबाला दोन लिटरची पाण्याची बाटली टांगा. आणि गच्चीवर जागा निवडताना पाण्याच्या टाकीपासून लांब बसा. पंप सुरू झाला की स्लॅब थरथरतो. तो पायाला जाणवत नाही, एक सेकंदाच्या फोटोत मात्र स्पष्ट दिसतो.

बाकी: जादा बॅटरी (थंडीत लवकर उतरते), रिकामं कार्ड, आणि टॉर्चवर लाल जिलेटिन कागद. दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला चालतो. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे परत कोरे होतात.

दव हा गच्चीवरचा लपलेला शत्रू. लेन्सला हूड लावा आणि अर्ध्या तासाने काचेवर टॉर्च मारून बघा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत आणू नका. मी एकदा आणला आणि स्पर्शाची पहिली दहा मिनिटं काच पुसण्यात घालवली. पुसली की पुन्हा धुकं, पुन्हा पुसली की पुन्हा. अर्धा तास आधी बॅगेतच बाहेर ठेवायचा, एवढं साधं होतं ते.

मोबाइलवाल्यांनी

मोबाइलने चंद्र मोठा काढायचा हट्ट सोडला तर बरेच चांगले फोटो मिळतात. काही फोन चंद्र ओळखून त्यावर खड्डे-डाग आपल्या मनाने भरतात. त्या फोटोत तुमच्या चंद्रापेक्षा फोनचाच चंद्र जास्त असतो. हे सीन ओळखणारं सेटिंग बंद करा. प्रो मोड लावा, फोकस अनंतावर ठेवा. १०×५० दुर्बीण असेल तर ती ट्रायपॉडला घट्ट बांधून तिच्या डोळा लावायच्या भिंगाला फोनचा कॅमेरा टेकवा. दोन-चार वेळा हात चुकेल, मग जमतं. आणि खग्रासात फोन भिंतीला टेकवून नाइट मोडमध्ये इमारत, माणसं आणि वर तांबडा ठिपका असा फोटो घ्या. तो नुसत्या चंद्राच्या फोटोपेक्षा लोक जास्त वेळ बघतात.

फोकस: इथेच माझं एक ग्रहण गेलं

७ सप्टेंबर २०२५. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, भाद्रपद पौर्णिमा. ढग येत होते, जात होते. अकराला खग्रास सुरू झालं आणि ढगांत मोठी खिडकी पडली. तिसऱ्या मजल्यावरचा एक सात-आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. "काका, मला दाखवा ना, लाल झालाय खरंच?" मी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्याकडे वळवला, त्याने उत्साहाने लेन्सलाच हात घातला. चंद्र चौकटीत जिथल्या तिथे दिसत होता, म्हणून मी पुढे फोटो काढत राहिलो. सकाळी संगणकावर बघितलं तर मध्याच्या आसपासचे तीसेक फोटो मऊ, लोण्याच्या गोळ्यासारखे. फोकसची रिंग केसभर फिरली होती.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. चंद्र पूर्ण उजळ असतानाच लाइव्ह व्ह्यू लावायचा, म्हणजे लेन्समधलं चित्र थेट पडद्यावर घ्यायचं, दहा पट मोठं करून चंद्राच्या कडेवर किंवा टायको विवराच्या पांढऱ्या रेघांवर हाताने फोकस करायचा. ऑटोफोकस बंद. मग फोकसच्या आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी. खग्रास सुरू झाल्यावर पुन्हा एकदा मोठं करून तपासायचं, या वेळी शेजारच्या एखाद्या ताऱ्यावर. थंडी वाढली की लेन्सचा फोकस थोडा सरकतो. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं कंप थांबवणारं बटण बंद, आणि दोन सेकंदांचा टायमर लावून मगच क्लिक.

मुलांना दाखवण्यासाठी आता मी एक साधी दुर्बीण वेगळी नेतो.

टप्प्याटप्प्याने एक्स्पोजर

कॅमेरा मॅन्युअल मोडमध्ये, फाइल रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने काही बदल न केलेली), व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कुठला धरायचा ते सेटिंग, दिवसाच्या उन्हाचा. पुढच्या आकड्यांत एफ म्हणजे लेन्सचं भोक (आकडा लहान तितकं भोक मोठं), शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा, आणि आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा. ऑटो व्हाइट बॅलन्स लाल चंद्र बघून घाबरतो आणि त्याला राखाडी करायला धावतो.

स्पर्शाआधीचा चंद्र रात्री दिसत असला तरी त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. म्हणून जुना नियम: एफ/११ ला शटर म्हणजे आयएसओचा व्यस्त. एफ/८ ला उजेड दुप्पट शिरतो, म्हणून आयएसओ २०० ला सेकंदाचा चारशेवा भाग. स्पर्शानंतर निम्मा चंद्र झाकेपर्यंत यात फार बदल करू नका, अडीचशेव्या भागापर्यंत आलात तरी पुरे. सावलीचा भाग फोटोत काळाच येईल, येऊ द्या. पाऊण झाकल्यावर साठावा, तिसावा भाग. शेवटची चंद्रकोर उरली की एफ/५.६, आयएसओ ८००, पंधराव्या भागाच्या आसपास, आणि इथून प्रत्येक वेळी एक कमी उजेडाचा, एक जास्त उजेडाचा असे तीन-तीन फोटो.

संमीलनाच्या आधीची आणि उन्मीलनानंतरची दोन-चार मिनिटं सोडू नका. लाल आणि पांढऱ्याच्या मधोमध एक फिकट निळसर झाक दिसते. पृथ्वीच्या वातावरणात उंचावर ओझोनचा थर आहे, तो सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषतो, आणि त्या थरातून वळून गेलेला उजेड निळसर होऊन सावलीच्या कडेवर पडतो. डोळ्यांना ती चटकन जाणवत नाही, पण कॅमेरा पकडतो. सावलीच्या आतला तांबडा रंग मात्र खालच्या दाट हवेतून गाळून आलेला: त्या घडीला पृथ्वीभर जितक्या ठिकाणी सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्या ठिकाणचा उजेड चंद्रावर एकदम पोहोचतो.

खग्रासात एफ/५.६, आयएसओ १६००, एक सेकंद इथून सुरुवात करा. पण चंद्र थांबत नाही. दोन मिनिटांत तो आपल्या रुंदीइतका सरकतो. ३०० मिमीवर एका सेकंदात चारपाच पिक्सेलचं सारवण होतं. म्हणून मी आयएसओ ३२०० करतो आणि अर्ध्या सेकंदावर राहतो. फोटोत दाणे आले तर ते नंतर कमी करता येतात, हललेला फोटो पुन्हा उभा राहत नाही.

कुठलाही आकडा शेवटचा धरू नका, कारण प्रत्येक ग्रहण सारखं काळोखं नसतं. आंद्रे दाँजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने त्यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टीच केली: शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ गायब, चार म्हणजे तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वातावरणात राहिली आणि डिसेंबर १९९२ चं ग्रहण फारच काळं झालं. तसं काही निघालं तर एक सेकंदाचे चार करावे लागतील.

पडद्यावरचा फोटो बघून फसू नका, अंधारात तो उजळच दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा, आणि तोही लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा. एकत्र आलेखात सगळं ठीक दिसतं आणि लाल मात्र उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. लाल एकदा फुटला की चंद्राचं नाणं होतं, सपाट.

उन्मीलनाच्या दोन मिनिटं आधीच एक्स्पोजर खाली आणायला लागा. चहाचा कप नेमका तेव्हाच येतो आणि ती पहिली झळाळी जळून जाते.

मोठी चौकट: ३१ डिसेंबरची खरी गंमत

त्या रात्री मध्याला महाराष्ट्रातून चंद्र पूर्वेकडे पंचावन्न-साठ अंशांवर असेल आणि मोक्षाला जवळपास डोक्यावर. म्हणजे मंदिराच्या कळसामागे लाल चंद्र वगैरे विसरा. पण तो असेल मिथुन राशीत, आणि त्याच्याभोवती थंडीतले सगळे ठळक तारे रिंगण धरून: व्याध, मृगातला राजन्य, रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसू आणि प्रश्वा. एरवी पौर्णिमेला यातले मोजकेच नीट दिसतात. खग्रास लागलं की दहा मिनिटांत आकाश काळं होत जातं आणि बारीक तारे एकेक करून उघडतात. शहरापासून लांब असाल तर आकाशगंगेचा फिका पट्टाही याच भागातून जातो.

यासाठी पूर्ण सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स पुरते, लांब बाजू ब्रह्महृदयाकडून व्याधाकडे धरायची. छोट्या सेन्सरवर १६ मिमी हवी, १८ वर काठोकाठ बसेल. एफ/२.८, आयएसओ १६००, आठ ते दहा सेकंद. यात चंद्र जळणार, ते ठरलेलंच. म्हणून कॅमेऱ्याला हात न लावता, फक्त शटर बदलून, लगेच एक फोटो अर्ध्या सेकंदाचा घ्या. हे दोन फोटो पुढे जोडायचे आहेत.

दुसरा कॅमेरा असेल तर स्पर्शापासून मोक्षापर्यंत चंद्राची माळही मिळते. ट्रायपॉड न हलवता दर पाच मिनिटांनी एक फोटो, टप्प्याप्रमाणे शटर बदलत. पाच मिनिटांत चंद्र स्वतःच्या अडीच पट अंतर पुढे जातो, म्हणजे मणी एकमेकांवर चढत नाहीत. साडेतीन तासांत बेचाळीसेक मणी आणि पन्नास अंशांची कमान होते. ती कुठून कुठे जाईल ते स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या अॅपमध्ये तारीख टाकून आधी बघा, नाहीतर उन्मीलनाच्या ऐन वेळी चंद्र चौकटीबाहेर चालता होतो.

एकट्याने जायचं नसेल तर १९४४ पासून चालू असलेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे. आपल्या मोहरीएवढ्या फोटोकडे बघून न हसणारी माणसं तिथे भेटतात.

संगणकावर

फुकटची तीन साधनं पुरतात: रॉ फाइल उघडायला डार्कटेबल, थर जोडायला गिंप, आणि अनेक फोटो एकावर एक रचायला सिरिल.

पहिलं काम रंगाचं. सगळ्या फोटोंना एकच व्हाइट बॅलन्स द्या, ५२०० ते ५५०० केल्विनमध्ये. स्पर्शाआधीच्या पूर्ण चंद्राचा फोटो शेजारी उघडा ठेवा. तो तुम्हाला पांढरा-राखाडी दिसतोय ना, मग त्याच सेटिंगमधला लाल खरा लाल आहे. सॅच्युरेशनचा दांडा उजवीकडे ओढण्याचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. त्यातून चंद्राचा टोमॅटो होतो आणि ती निळसर कड पहिली मरते.

खंडग्रासाच्या फोटोंना थोडी धार लावा, डाग आणि विवरं उठून दिसतील. खग्रासाच्या फोटोंना उलट, आधी दाणे कमी करा. त्यासाठी उत्तम उपाय म्हणजे एकाच सेटिंगचे वीस-तीस फोटो पाठोपाठ काढलेले असणं. सिरिल ते चंद्रावर चंद्र बसवून सरासरी काढतं आणि दाणे आपोआप विरघळतात. एक खाचखळगा मात्र इथे आहे: चंद्र ताऱ्यांच्या मानाने तासाला स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकतो. अर्ध्या तासाचे फोटो चंद्रावर जुळवले तर तारे पुसट होतात, ताऱ्यांवर जुळवले तर चंद्र. म्हणून दोन रचना वेगळ्या करायच्या, किंवा एक-दोन मिनिटांतलेच फोटो घ्यायचे.

मोठ्या चौकटीत शहराचा नारिंगी उजेड एका कोपऱ्यातून वर चढलेला दिसेल. सिरिलमधलं पार्श्वभूमी काढण्याचं काम तो सपाट करतं. नमुन्याचे ठिपके तारे आणि चंद्र सोडून रिकाम्या आकाशावर ठेवा. आकाश अगदी काळंकुट्ट करू नका. डांबरासारखं आकाश झालं की तारे चिकटवल्यासारखे दिसतात. किंचित निळा-राखाडी उजेड राहू दे.

मग गिंपमध्ये दहा सेकंदांचा फोटो खाली, अर्ध्या सेकंदाचा वर. वरच्या थराला काळा मास्क, म्हणजे थर झाकणारा पडदा, आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त चंद्रापुरता तो उघडा. ब्रश चंद्रापेक्षा थोडा मोठा घ्या, नाहीतर जळलेल्या चंद्राची प्रभा कडेने उरते आणि चंद्राला मफलर गुंडाळल्यासारखा दिसतो. माळ करायची तर सगळे फोटो एकावर एक थरांत टाकून थराची पद्धत लायटन ओन्ली करा, बास. प्रत्येक फोटोतलं जे उजळ तेवढंच वर येतं.

३०० मिमीचा चंद्र कापून २४ मिमीच्या आकाशात बसवू नका. मृगाच्या कमरेच्या पट्ट्याइतका रुंद चंद्र कुणाच्याही लगेच लक्षात येतो, आणि मग तुमचे खरे फोटोही लोक संशयाने बघतात. मोठा चंद्र वेगळा टाका. दोन फोटोंचा जोड असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही.

जपून ठेवताना फाइलच्या नावात वेळ घाला, मिनिटासकट. मोक्षानंतर खालच्या रस्त्यावरून "दे दान, सुटे गिराण" ऐकू यायचं तेव्हा आजी घड्याळ बघून पंचांगाशी ताडायची, आणि एखाद-दोन मिनिटं चुकलं तरी पुटपुटायची. तुमच्या फाइलींवर वेळ असेल तर संमीलन नेमकं कधी झालं ते तुम्हालाही ताडता येईल. त्यासाठी निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिळवून घ्या. ते हमखास सातआठ मिनिटं मागे असतं.